महाळुंग्यातला बुधवार

पहाटे ५.१५

महाळुंग्यात रेल्वे नाही. चाकणमध्येही नाही. मोटारी, मोटारसायकली, त्यांचे गिअर, काचा, सीट, हॉर्न हे सगळं इथल्या पाच-दहा किलोमीटरांत बनतं, पण रुळाचा एक तुकडा नाही. पुणे-नाशिक रेल्वे चाकणवरून जाणार ही बातमी मी इथे खोली घेतली तेव्हा ताजी होती आणि अजूनही ताजीच आहे. मध्यंतरी नारायणगावजवळ खोडदला जी जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे, तिला त्रास होईल म्हणून मार्गावरच पुन्हा खल सुरू झाला. मला त्या लाइनची फारशी ओढ नाही. आली तरी ती विजेवरच धावणार.

जाग येते ती कंपन्यांच्या बसच्या हॉर्नमुळे. पहिल्या पाळीची माणसं कोपऱ्यावर उभी असतात, पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, निम्म्यांचे डोळे अजून मिटलेले. मी बसवाला नाही, बाइकवाला. डिझेल मेकॅनिक आहे. कारखान्यांतले जनरेटर सर्व्हिस करणाऱ्या एका एजन्सीत काम करतो. आणि बुधवार हा आमच्या धंद्यात तारांबळीचा वार. उद्या गुरुवार, म्हणजे बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी आणि महावितरणच्या मेंटेनन्सचा दिवस. ज्यांचं काम सुट्टीतही चालू असतं त्यांना बुधवारी सकाळी अचानक जनरेटरची आठवण येते. "एकदा चालवून बघता का?" हा फोन सहाच्या आत येतो. आजही आला.

सकाळी ७.३०

एचपी चौकात पोहे आणि कटिंग. सोबत हेल्पर. पोरगा औशाचा, लातूर जिल्ह्यातला, कामाला चांगला, बोलायला कमी.

रेल्वेचं वेड मला गावाकडून लागलं. गाव रहिमतपूरच्या बाजूला, पुणे-मिरज लाइनवर. कोयना, महालक्ष्मी, सह्याद्री या गाड्या मुंबईहून पुण्यापर्यंत विजेच्या इंजिनाने यायच्या आणि पुण्यात इंजिन बदलून डिझेल लागायचं. आमच्या वाट्याला डिझेलच. गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. चढावर आहे की सपाटीला, लोड भरपूर आहे की मोकळी चालली आहे, आमच्या आजोबांना घरात बसून कळायचं. त्यांना त्यात विशेष काही वाटत नसे. मला वाटायचं.

ते इंजिन म्हणजे अल्को. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावची. १९६२ साली तिची पहिली डब्ल्यूडीएम-२ इंजिनं भारतात आली. १९६४ पासून ती वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये बनायला लागली. मूळ कंपनीने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं, पण वाराणसीत तीच जात पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. २६०० अश्वशक्तीची ३१०० झाली, मग ३३०० झाली. आत तेच १६ सिलिंडर. आई-बाप गेले आणि पोर सासरी शंभरी गाठायला निघालं, असा सगळा प्रकार.

सकाळी ८.४५

पहिलं काम महाळुंग्यातच, एका फोर्जिंगवाल्याकडे. ५०० केव्हीएचा सेट, बी-चेक. लूब ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचे, बेल्ट बघायचे, टॅपेट तपासायचे. कॅनोपीचं दार उघडलं की आत उंदराची लेंडी आणि कुणीतरी वाळत घातलेला हातरुमाल. दोन्ही नेहमीचंच.

लोक विचारतात, तुझं काम डिझेलचं आणि छंदही डिझेलचा, कंटाळा कसा येत नाही? अल्को म्हणजे मुळात जनरेटरच. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, त्याची वीज खालच्या ट्रॅक्शन मोटरना जाते आणि मोटर चाकं फिरवतात. फरक मापाचा आहे. माझ्यासमोर उभ्या या सेटचे सहा सिलिंडर मिळून १९ लिटरचे. अल्कोचा एक सिलिंडर जवळपास ११ लिटरचा. व्यास नऊ इंच, स्ट्रोक साडेदहा. असे सोळा. हा सेट मिनिटाला १५०० फेरे घेतो. अल्को सगळा जोर लावून १०००, आणि नुसता उभा असताना सुमारे ४००. म्हणून आमच्या सेटची घरघर होते आणि अल्कोचं बोलणं होतं. ठोके वेगळे काढता येतात, निदान येतात असं वाटतं.

फीलर गेज टॅपेटमध्ये सरकवताना जो किंचित अडखळ लागतो, तो बोटाला कळायला हवा. सैलही नको, घट्टही नको. हे पोराला शिकवायला मला सहा महिने लागले. आता तो माझ्यापेक्षा चांगला करतो, आणि ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

सकाळी ११.४०

लोड ट्रायल. एएमएफ पॅनेलवरून एकदम मोठा लोड टाकला की सेट क्षणभर दबतो, गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि धुराड्यातून काळा फवारा निघतो. मॅनेजर घाबरून मागे सरकतात. "हे नॉर्मल आहे साहेब."

अल्कोच्या धुराचं कारणही हेच, फक्त अवतार मोठा. थ्रॉटलला आठ नॉच असतात. लोको पायलटने नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण अल्कोचा टर्बो नुसत्या एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. त्याला वेग यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ हवा कमी आणि इंधन जास्त, म्हणून धूर. मग टर्बोची शीळ चढत जाते आणि धूर निवळतो. नंतर आलेल्या ईएमडी जातीच्या इंजिनांमध्ये, म्हणजे डब्ल्यूडीजी-४ वगैरेमध्ये, टर्बो सुरुवातीला गिअरने फिरवतात. हवा आधीच हजर असते. यंत्र म्हणून ते सरस आहे यात वाद नाही. डिझेल कमी खातं, ओढतं जास्त. पण आम्हा रेल्वेवेड्यांतले निम्मे लोक ईएमडी आलं की कॅमेरा खाली ठेवतात. ज्या दोषापायी यंत्र बाद झालं त्याच दोषाचे फोटो काढायला माणसं शंभर-शंभर किलोमीटर जातात. याचं समर्थन मला करता येत नाही, आणि मीही गेलेलो आहे. शिंदवणे घाटात, भर मे महिन्यात.

दुपारी १.००

डबा. भाकरी, मेथी, ठेचा. हेल्परला विचारलं, "तुमच्याकडे वायर आली का रे?" तो म्हणाला, "कसली वायर, दादा?"

मला हसू आलं. मध्य रेल्वेचं सगळं ब्रॉडगेज विजेवर आलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि त्यातला शेवटचा तुकडा होता औसा रोड ते लातूर रोड, ५२ किलोमीटर. म्हणजे याच्या गावाजवळचा. त्याआधी मार्च २०२२ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली होती, रोहा ते ठोकूर. पुणे-मिरजच्या डोक्यावरही २५,००० व्होल्ट आले. महालक्ष्मीला पुण्यात इंजिन बदलायचं आता कारणच उरलं नाही. रेल्वेच्या दृष्टीने ही सगळी आनंदाची वार्ता, आणि खरंच आहे ती. गाडीला वेळ कमी लागतो, डिझेलची आयात वाचते. पोरगा ऐकून म्हणाला, "मग चांगलंच झालं की." मी म्हणालो, चांगलंच झालं. ठेचा खाल्ला.

त्याला एक गोष्ट मात्र सांगितली. ब्रॉडगेजवरचं वाफेचं शेवटचं इंजिन १९९५ च्या डिसेंबरात पंजाबात धावलं. तेव्हा वाफवेडी माणसं हळहळली होती आणि त्यांच्या लेखी खलनायक होता हाच अल्को. घासलेटी डबा, आत्मा नसलेला, असं काय काय म्हणायचे. तीस वर्षांत त्याच डब्यात आत्मा सापडला. अजून तीस वर्षांनी कुणीतरी डब्ल्यूएपी-७ या विजेच्या इंजिनाच्या गुणगुणण्यावर असंच लिहील, पैज लावतो.

दुपारी ३.३०

तळेगाव एमआयडीसीत एक कॉल. बॅटरी उतरलेली. टर्मिनल घासले, चार्ज केली, सही घेतली. तासाचं काम. पोराला महाळुंग्याला जाणाऱ्या टेम्पोत बसवून दिलं आणि मी बाइक स्टेशनकडे वळवली.

संध्याकाळी ६.१०

तळेगाव स्टेशन. प्लॅटफॉर्म तिकीट काढलं, फलाटाच्या टोकाचं बाकडं गाठलं. मंडळी आधीच आली होती. एक आकुर्डीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करणारा मुलगा, आणि एक काका, घोरपडीच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. काका इथे वेडापायी येत नाहीत. सुनेच्या घराजवळ स्टेशन आहे आणि इथे वारा असतो, म्हणून येतात. आम्ही त्यांना भेटायला येतो.

लूप लाइनवर खडीची गाडी उभी होती आणि तिच्या तोंडाशी पुण्याचा डब्ल्यूडीजी-३ए, तेरा हजारांच्या मालिकेतला. मुलाने नंबर आधीच वहीत उतरवला होता. अल्को अजून दिसतो तो असाच. खडी नेणं, रूळ उतरवणं, यार्डातलं शंटिंग, अपघात झाला तर क्रेनची गाडी. त्यामागे व्यवहार आहे. ओव्हरहेड वायरचं काम करायला वीज बंद करावी लागते, आणि वीज बंद असताना विजेचं इंजिन म्हणजे शंभरावर टनांचं लोखंड. वायरीचं काम करायलाच डिझेल लागतं. ज्याने याची नोकरी घेतली त्याचीच चाकरी हा करतोय, असं मुलगा म्हणाला. काका म्हणाले, "नोकरी-बिकरी काही नसते रे त्याची. ब्लॉक मिळाला की जाईल, नाहीतर राहील इथंच."

मी डोळे मिटून ऐकत होतो. आयडलिंगमध्ये मध्येच एक ठोका लंगडत होता. काकांकडे पाहिलं.

"ऐकू येतंय ना? एक सिलिंडर नीट मारत नाही. पंप असेल नाहीतर इंजेक्टर."

"शेडमध्ये कसा शोधायचात काका?" मुलाने विचारलं.

काकांनी अंगठा पुढे केला. जाड, नखाच्या कडेने कायमचा काळा. "प्रत्येक सिलिंडरला आपला वेगळा फ्युएल पंप असतो. त्याच्यापासून इंजेक्टरकडं जाणारी हाय-प्रेशर पाइप असते, तिच्यावर बोट ठेवायचं. जिवंत पंपाचा ठोका बोटाला लागतो. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. चालत जायचं, बोट लावत. जिथं ठोका नाही, तिथं खडूनं फुली." मग हसले. "आणि ते करताना एक कान कायमचा गेला माझा. डावा. त्याचा कुणी फोटो काढत नाही."

मुलगा जरा ओशाळला. काकांना ते जाणवलं असावं, म्हणून त्यांनीच पुढे चालू ठेवलं. हिवाळ्यात इंजिन बंद करायला ड्रायव्हर भ्यायचे, बॅटरीने दगा दिला तर पुन्हा चालू कोण करणार? मग रात्रभर तसंच उभं, तासाला वीस-पंचवीस लिटर डिझेल पीत. शेडच्या पत्र्याखाली अशी तीन-चार इंजिनं गुरगुरत असली की समोरच्याचं तोंड दिसायचं, शब्द नाही. घरी गेल्यावर अंघोळ केली तरी उशीचा अभ्रा पिवळा. "तुम्हाला गोड वाटतं कारण तुम्ही फलाटावर बसून ऐकता," काका म्हणाले. त्यांचं हे वाक्य मी आधीही ऐकलेलं आहे. दरवेळी पटतं.

तरीही मला जे म्हणायचं आहे ते काकांच्या त्या अंगठ्यातच आहे. रेल्वेवेड्यांचं अल्कोवरचं प्रेम म्हणजे बालपणाची हुरहूर असं सगळे समजतात. माझ्यापुरतं ते खरं असेलही. पण या मुलाचं काय? त्याचा जन्म २००५ चा, वाढला निगडीत. लोकल असो की एक्स्प्रेस, त्याने सगळं विजेवरच धावताना पाहिलं. त्याला कसली आठवण? मी त्याला एकदा थेट विचारलं होतं. म्हणाला, "दादा, कॉलेजात जे काही शिकवतात ते सगळं डब्यात बंद असतं. याच्यात काय चाललंय ते बाहेर उभं राहून कळतं." मला वाटतं आकर्षण हेच. हे यंत्र आपले कष्ट लपवत नाही. चढ आला की ओरडतं, हवा कमी पडली की काळं पडतं, पंप मेला की लंगडतं. दुखणं अंगावर असतं, अंगठ्याने सापडतं. विजेचं इंजिन तेवढंच, किंबहुना जास्त काम करतं, पण कुणाला कळू न देता.

काकांना मी बांगलादेशाचं सांगितलं. जुलै २०२० मध्ये भारताने तिकडे दहा डिझेल इंजिनं दिली, मे २०२३ मध्ये आणखी वीस, डब्ल्यूडीएम-३डी. काही अल्कोंचा तर पुनर्जन्म झाला. २०१८ मध्ये वाराणसीत दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन त्यांच्यातलं डिझेल इंजिन काढून टाकलं, वर पँटोग्राफ चढवला आणि ६९ दिवसांत दहा हजार अश्वशक्तीची विजेची जोडी उभी केली. पुढच्या वर्षी पंतप्रधानांनी तिला झेंडा दाखवला. काकांनी एवढंच विचारलं, "काढलेल्या इंजिनांचं काय केलं?" मला सांगता आलं नाही.

सातनंतर ब्लॉक मिळाला, म्हणजे कामासाठी लाइन मोकळी झाली. ब्रेक सुटल्याचा फुसकारा, मग पहिला नॉच, दुसरा. खडीचे डबे एकामागून एक ताणले गेल्याचा आवाज शेवटपर्यंत धावत गेला. धूर सरळ फलाटावर आला. समोरच्या बाईने ओढणीने पोराचं नाक दाबलं आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू हा धूर आम्हीच केला. एका अर्थी बरोबर होतं तिचं. मुलगा रेकॉर्डिंग करत होता, त्याने हाताने आम्हाला गप्प बसायची खूण केली. टर्बोची शीळ चढली, लंगडा ठोका तिच्यात बुडाला, आणि गाडी कामशेतच्या दिशेने गेली.

पावणेआठच्या पुढे डेक्कन क्वीन आली आणि न थांबता गेली. १ जून १९३० पासून ही गाडी विजेवर आहे. २०२२ मध्ये तिला नवे एलएचबी डबे लागले तेव्हा पुणेकरांनी डब्यांच्या रंगावर महिनाभर वाद घातला, इंजिनाबद्दल कुणी बोललं नाही. भोर घाटातल्या माणसांनी वायर नव्वद वर्षांपूर्वीच पचवली. हुरहूर लागायची ती आम्हा मिरज लाइनवाल्यांना.

रात्री ८.४५

तळेगाव-चाकण रस्ता. कंटेनर, कंटेनर, कंटेनर. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ज्यांनी सोसलंय त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी न सोसलेलंच बरं.

रात्री १०.२०

जेवायला बसलो आणि फोन. निघोज्याच्या बाजूला एका कंपनीत नवा सेट सारखा अलार्म देतोय, ऑपरेटरने बंद करून ठेवलाय, उद्या सकाळी लाइट जाणार. निघालो. एजन्सीचा तरुण इंजिनिअर लॅपटॉप घेऊन परस्पर आला.

हे नवे सेट सीपीसीबी-४ प्लसचे. १ जुलै २०२४ पासून नव्या जनरेटरला हेच धुराचे नियम लागू झाले. त्यामुळे इंजिनावर ईसीयू, सेन्सर आणि धूर धुवून काढायला युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी. काळा फवारा नाही, वास नाही. चालू करून पाहिला. कान लावला, हात ठेवला, चारी बाजूंनी फिरलो. इंजिन ठणठणीत. एकही ठोका इकडचा तिकडे नाही. पॅनेलवर लाल दिवा मात्र तसाच.

इंजिनिअर पोराने केबल जोडली. स्क्रीनवर कोड आला: युरिया द्रावणाचा दर्जा खराब. टाकीचं झाकण उघडलं. ऑपरेटरला विचारलं, यात काय भरलंय? तो म्हणाला, "लेव्हल कमी दाखवत होतं म्हणून पाणी टाकलं साहेब. बिसलेरी नव्हतं, आरओचं टाकलं."

मी जन्मभर कान लावून बसलो असतो तरी हे सापडलं नसतं. टाकी रिकामी केली, फ्लश केली, वीस लिटरचा कॅन ओतला, कोड पुसला. पाऊण तासात सेट लोडवर. पोरगा लॅपटॉप मिटत म्हणाला, "सोपं होतं सर." होतंच.

रात्री १२.०५

गेटवर सिक्युरिटीने दोघांचं सामान तपासलं. लॅपटॉपचा सीरियल नंबर, मेक, चार्जर, केबल, सगळं रजिस्टरात वेगवेगळ्या रकान्यांत उतरवलं. माझी पेटी उघडून स्पॅनर, फीलर गेज, ऐकायची लांब दांडी वरखाली केली, आणि पुढे 'इतर सामान' एवढं लिहून माझी सही घेतली.